उपोसथ आणि उपवास : एक ऐतिहासिक विचार

वर्षावासातील पौर्णिमांना अनेक विहारांत उपासक-उपासिका शुभ्र वस्त्रे परिधान करून अष्टशील ग्रहण करतात. त्या दिवशी ‘आज माझा उपवास आहे’ असे शब्द सहज कानावर पडतात. उपोसथ म्हणजे उपवास काय? आणि आरोग्यासाठी दिवसातील सोळा तास अन्न वर्ज्य करण्याची जी पद्धत आज रूढ होत आहे, तिला उपोसथाचे नाव देता येईल काय? या प्रश्नांचा इतिहासाच्या आधारे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पालि ‘उपोसथ’ हा शब्द संस्कृत ‘उपवसथ’ या शब्दाशी संबंधित आहे. वैदिक परंपरेत यज्ञाच्या आदल्या दिवसास उपवसथ म्हणत. शतपथ ब्राह्मणात त्याची उपपत्ती अशी दिली आहे की, उद्याच्या यज्ञासाठी देव यजमानाच्या घरी येऊन त्याच्याजवळ वास करतात आणि अतिथी जेवले नसताना यजमानाने आधी जेवणे योग्य नव्हे. तेथे अन्नत्यागाचा संबंध यज्ञाशी व देवांच्या आगमनाशी होता.

विनयपिटकातील महावग्गात मात्र निराळा वृत्तांत आढळतो. मगधराज बिंबिसाराने तथागतांना विनंती केली की, चतुर्दशी, पंचदशी व अष्टमी या तिथींना अन्य पंथांचे परिव्राजक एकत्र जमून धर्म सांगतात, लोक तो ऐकावयास जातात. भिक्खूसंघानेही तसे करावे. तथागतांनी ती मान्य केली. प्रारंभी भिक्खू एकत्र येऊन केवळ मौन बसत. लोकांनी त्यावर टीका केली, तेव्हा धम्म सांगण्याची अनुज्ञा देण्यात आली; पुढे त्यात पातिमोक्खाचे पठण आले. म्हणजे दिवस लोकांच्या ओळखीचाच राहिला. परंतु त्यातून यज्ञ गेला, देव गेले आणि त्यांच्या जागी धम्मश्रवण व शीलाची उजळणी आली.

उपासमारीने मुक्ती मिळते हे मत भगवंतांनी स्वानुभवाने त्याज्य ठरविले होते. मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात त्या देहदंडाचे वर्णन आहे. मूठभर कढणावर राहून शरीराचा सापळा झाला, पण ज्ञान प्राप्त झाले नाही. तेव्हा त्यांनी अन्न ग्रहण केले आणि पाच सहकारी त्यांना सोडून गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही तपश्चर्येचा प्रयोग आणि तिचा त्याग हे दोन्ही टप्पे आवर्जून मांडले आहेत.

मग विकालभोजनाचा निषेध कशासाठी? लटुकिकोपम सुत्तात उदायी भिक्खू त्याची पार्श्वभूमी सांगतो. रात्री भिक्षेस निघालेले भिक्खू अंधारात डबक्यात पडत, काट्यांत अडकत. विजेच्या प्रकाशात अचानक भिक्खू दिसल्याने एक स्त्री भुताच्या भयाने किंचाळली होती. गृहस्थांना उपद्रव होऊ नये, हा त्यातील एक हेतू होय. ककचूपम सुत्तात दुसरे कारण आहे : एकवेळच्या भोजनाने आजार कमी होतात व शरीर हलके राहते. आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध व गूळ यांची औषध म्हणून मुभाही ठेवली होती. नियम देहाला छळण्यासाठी नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

संयुत्तनिकायात कोसलराज पसेनदीची कथा आहे. तो द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपाशी राहण्यास सांगितले नाही. मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. सुदस्सन नावाचा तरुण रोज जेवणाच्या वेळी तो उपदेश राजाला ऐकवू लागला. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर आला आणि त्याचे शरीर सडपातळ झाले.

अंगुत्तरनिकायात विशाखेला तीन प्रकारचे उपोसथ सांगितले आहेत. त्यांपैकी पहिला गोपालक उपोसथ. गुराखी संध्याकाळी गाई परत करतो आणि आज त्या कोठे चरल्या, उद्या कोठे चरतील, याचाच विचार करतो. त्याप्रमाणे उपोसथ पाळूनही जो आज काय खाल्ले, उद्या काय खाऊ, एवढेच मनात घोळवितो, त्याचा उपोसथ गुराख्याचा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही आपली म्हण हेच सांगते. उपासाच्या ताटातील बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद ही सारी पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

आरोग्यासाठी लंघन करण्याची प्रथाही जुनीच आहे. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग लिहितो की, लाट देशात आजारी माणसे पंधरवडा, कधी महिनाभरही अन्न घेत नसत. मध्यदेशात ही मर्यादा एक सप्ताह होती. आधुनिक काळात जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नद्रव्ये न मिळाल्यास पेशी स्वतःचेच घटक कसे मोडून पुन्हा वापरतात, हे त्यांनी यीस्टच्या पेशींत दाखविले. परंतु त्यावरून माणसाने किती तास उपाशी राहावे हे ठरत नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर झालेला एक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचा आहार सारखाच कमी केला होता. एका गटाने तो सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत घेतला. वर्षअखेर दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. एका प्रयोगाने अंतिम निर्णय होत नसतो. तथापि घड्याळापेक्षा मात्रा महत्त्वाची, हा पसेनदीचाच धडा येथे दिसतो.

ज्या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या दारोदार मागितलेल्या भाकरीवर जगल्या, त्याला उपासमार हे पुण्य आहे असे कोणी शिकवू नये. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी उष्टे अन्न व मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. तो अन्नत्याग परलोकासाठी नव्हता, स्वाभिमानासाठी होता. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची कथा येते. हरवलेला बैल शोधून तो भुकेला व उशिरा सभेत आला. भगवंतांनी त्याला आधी जेवू घालण्यास सांगितले आणि मगच धम्म सांगितला.

म्हणून आमचे उपासकांना सांगणे आहे की, उपोसथाचे मोजमाप रिकाम्या पोटाने करू नये. मधुमेहाचा रुग्ण, गर्भवती भगिनी, दिवसभर राबणारा मजूर यांनी वेळेवर जेवावे; वैद्यकीय सल्ला मोडू नये आणि त्याबद्दल मनात न्यूनगंडही बाळगू नये. पंचशीलाचे पालन त्यांना जेवूनही करता येते. आणि ज्यांना विकालभोजन वर्ज्य करणे शक्य आहे, त्यांनी वाचलेला वेळ धम्मश्रवणासाठी व वाचलेले अन्न भुकेल्यासाठी द्यावे.