कूलर नुसता झाकून ठेवताय? पावसाळ्याआधी टाकी घासली नाही तर काय होतं?

मार्च उजाडला की छत्रपती संभाजीनगरात गच्चीवरचे, माळ्यावरचे कूलर खाली येतात. पत्र्याचा असो की प्लास्टिकचा, पुढचे तीन महिने त्याच्याशिवाय घरात बसवत नाही. जूनमध्ये पाऊस पडला की हाच कूलर कोपऱ्यात किंवा गच्चीवर ढकलून वर चादर टाकली जाते. पाणी काढलं, काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण खरं काम तिथेच अर्धवट राहतं.

हंगाम संपल्यावर पाण्याची यंत्रणा 'बंद' का करावी लागते?

थंड देशांत लोक हिवाळ्याआधी फिरत्या घरांच्या, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या टाक्या आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करतात. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं आणि नळ्या फुटतात. आपल्याकडे बर्फाची भीती नाही. आपल्याकडचा धोका तीन गोष्टींचा आहे: क्षार, गंज आणि डास.

कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. वाफ उडून जाते, पण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार टाकीतच राहतात. रोज वरून नवं पाणी ओतलं तर क्षार वाढतच जातात. बोअरचं जड पाणी असेल तर पंपावर आणि पॅडवर पांढरा थर लवकर धरतो. पत्र्याच्या टाकीत तळाला पाणी राहिलं तर गंज चढतो.

पाणी ओतून दिलं तरी डास कसे होतात?

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास स्वच्छ, साठलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो. ही अंडी तो बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवतो. त्यामुळे पाणी ओतून दिलं तरी अंडी भिंतीवरच राहतात. ती कोरडी पडूनही अनेक महिने तग धरू शकतात.

आता जूनमध्ये गच्चीवर ठेवलेल्या कूलरचा विचार करा. टाकी रिकामी आहे, पण घासलेली नाही. जुलैत पाऊस आला, चादर सरकली, टाकीत चार बोटं पाणी साठलं. अंड्यांना हवं ते मिळालं. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगितलं जातं.

कूलर बंद करताना काय करायचं?

१. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून ओल्या कूलरला हात लावू नका.

२. तळाचं बूच काढून सगळं पाणी काढा. हे पाणी संडासात ओतायला चालेल. क्षार जास्त असल्याने कुंड्यांना नको. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर ते गटारात न टाकता उन्हातल्या कोरड्या मातीवर पसरून ओता.

३. टाकीच्या आतल्या भिंती, कोपरे आणि पाण्याची रेघ जिथे उमटते तो भाग साबण आणि खरखरीत ब्रशने घासा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

४. पंप बाहेर काढून जाळी साफ करा. पांढरा थर असेल तर व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्याने निघतो. त्यात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

५. गवताची जुनी पॅड काढून कचरागाडीत द्या, गच्चीवर टाकू नका. हनीकोम्ब पॅड धुऊन पूर्ण वाळवा.

६. कूलर उन्हात एक-दोन दिवस वाळू द्या. बूच उघडंच ठेवा, म्हणजे पाणी शिरलं तरी वाहून जाईल. मग छपराखाली ठेवून झाका.

मार्चमध्ये पुन्हा सुरू करताना?

टाकी परत एकदा घासून धुवा. वायर कुठे सोललेली आहे का, उंदरांनी कुरतडली आहे का, ते बघा. पत्र्याच्या कूलरमध्ये गळणारा करंट थेट बॉडीत उतरतो आणि दर उन्हाळ्यात यात माणसं जातात. तीन पिनांचाच प्लग वापरा, घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला असेल तर करंट गळताच वीज तुटते. पंप कोरडा चालवू नका, जळतो. आधी पाणी भरा, मगच पंप लावा. आणि चालू कूलरमध्ये पाणी भरू नका.

पाणीच आठवड्याने येत असेल तर?

शहराला जायकवाडीचं पाणी मिळतं, पण अनेक वसाहतींत नळ काही दिवसांच्या अंतराने येतो. अशा वेळी कूलरमधलं पाणी ओतून द्यायला जीवावर येतं. त्यावर सोपा उपाय आहे. कोरड्या दिवसाच्या आदल्या रात्री टाकीत नवं पाणी भरू नका, आहे तेच वापरून संपवा. सकाळी तळाशी उरलेलं बादलीभर पाणी संडासात टाका, टाकी घासा, मगच भरा. नळाची वाट बघत हा दिवस पुढे ढकलू नका, कारण अळीची वाढ नळाच्या वेळापत्रकाप्रमाणे थांबत नाही. घरातले हौद, ड्रम आणि पिंपं घट्ट झाकायचा नियमही याच कारणासाठी आहे.

एडिस दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या कूलरमध्ये झालेला डास बहुतेक तुमच्याच घरात किंवा शेजारच्या घरात चावतो. जूनमधला अर्धा तास आणि एक ब्रश, एवढ्यावर हे टळू शकतं.