फादर लमेत्र यांची अस्वस्थता

श्रद्धा आणि विज्ञान यांचा वाद निघाला की आपण बेल्जियमच्या फादर जॉर्ज लमेत्र यांचे नाव अभिमानाने पुढे करतो. विश्व एका आदिम अणूतून विस्तारले, ही कल्पना १९३१ साली मांडणारा शास्त्रज्ञ धर्मगुरू होता! परंतु १९५१ साली परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे पोप बारावे पायस यांनी अशा संशोधनात विश्वनिर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा अस्वस्थ झाले ते स्वतः लमेत्रच. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असे ते मानीत. उद्या गणित चुकले, तर आपण मिस्सा सोडणार काय? पुढच्याच वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहोदयांनी तो दावा केला नाही. १९६० साली त्याच अकादमीचे अध्यक्षपद लमेत्र यांच्याकडे आले.