एक गाडी, दोन चालक

खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या भागातल्या वाचकांना बैलगाड्यांचा घाट म्हणजे काय, हे सांगायला नको. गावची यात्रा भरते, चढाचा पट्टा आखला जातो आणि एकामागून एक गाडा वर धाव घेतो. प्रत्येक बारीचे सेकंद मोजले जातात. या शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यांवर शिक्कामोर्तब केले. घाटातले घड्याळ कोणाची भीड धरत नाही. गाडा कोणाचा, हे ते विचारत नाही. किती सेकंदांत आला, एवढेच सांगते.

आपले घाट पुन्हा गाजू लागले त्याच २०२१ साली परदेशात एक निराळी शर्यत सुरू झाली होती. तिचे नाव एक्स्ट्रीम ई. आलेहान्द्रो आगाग या स्पॅनिश गृहस्थांनी ती काढली. गाड्या साऱ्या विजेच्या. पण डांबरी रस्त्यावर धावायच्या नव्हेत. पहिली फेरी एप्रिलमध्ये सौदी अरेबियातील अल-उलाच्या वाळवंटात झाली. पुढे सेनेगलचा समुद्रकाठ, ग्रीनलंडमधील हिमनदीजवळची भूमी, इटलीचे सार्डिनिया बेट आणि शेवटी इंग्लंड, असा प्रवास झाला. या गाड्या वाहून नेण्यासाठी सेंट हेलेना नावाचे एक जुने टपाली जहाज दुरुस्त करून घेतले होते.

गाडीची ताकद किती? सुमारे ५५० अश्वशक्ती. आपल्या शेतातला ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीचा धरला, तर अकरा ट्रॅक्टरांचे बळ त्या एका गाडीत. खड्डे, दगड, वाळूचे उंचवटे यांवरून ती अक्षरशः उडत जाई.

परंतु मंडळी, या शर्यतीची खरी नवलाई बॅटरीत नव्हती; ती नियमात होती. प्रत्येक संघात एक पुरुष आणि एक स्त्री असलीच पाहिजे. गाडी एकच. एक फेरी त्याने मारायची, एक तिने. मध्ये गाडी थांबवायची, एकाने उतरायचे, दुसऱ्याने बसायचे, पट्टे आवळायचे आणि निघायचे. निकाल दोघांचा मिळून. स्त्रियांसाठी वेगळी शर्यत नाही, वेगळे बक्षीस नाही, सवलतही नाही.

पहिल्या वर्षीचे अजिंक्यपद ऑस्ट्रेलियाच्या मॉली टेलर आणि स्वीडनचे योहान क्रिस्टोफरसन या जोडीने मिळविले. दोन संघांचे गुण सारखेच, प्रत्येकी १५५ झाले होते. अधिक शर्यती जिंकल्या म्हणून हा संघ पहिला ठरला. पुढच्या वर्षी, २०२२ साली, स्पेनच्या क्रिस्तिना गुतिएरेझ आणि फ्रान्सचे सेबास्तियन लोब जिंकले. हे लोब म्हणजे नऊ वेळा जागतिक रॅलीचे विजेते.

आता कोणी विचारील, स्त्रियांच्या फेऱ्या पुरुषांइतक्याच वेगाच्या होत्या का? आरंभी फरक दिसत होता, आणि तो लपविण्याचे कारण नाही. पण पहिला हंगाम सरता सरता तो कमी होत गेला. ज्याला वर्षानुवर्षे गाडी मिळाली, त्याचा हात बसतो. जिला मिळाली नाही, तिचा बसायला वेळ लागतो. नियमामुळे कोणताही संघ आपल्या स्त्री चालकाला बाकावर बसवून ठेवू शकत नव्हता. जिंकायचे तर तिला सराव द्यावाच लागे.

गाडीचा इतिहास पाहिला, तर स्त्रीचा हात त्यात काही नवा नाही. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याने बनविलेली तीनचाकी मोटार घेतली आणि दोन मुलांसह मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला नेली. वाट सुमारे शंभर किलोमीटरांची. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच. त्या बेंझ घराण्याचे नाव लावणारा कारखाना आज आपल्या चाकणला आहे.

विजेची गाडीही तितकीच जुनी. १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरांचा वेग प्रथम ओलांडला तो विजेच्याच मोटारीने, फ्रान्समध्ये. तरी पुढे अमेरिकेत विजेच्या गाडीला बायकांची गाडी म्हणू लागले. कारण असे की पेट्रोलच्या गाडीला जोर लावून हँडल मारावे लागे, विजेच्या गाडीला ते नको होते. १९१२ साली पेट्रोलच्या गाडीला विजेचा स्टार्टर आला, हँडल गेले, आणि हळूहळू विजेची गाडीही मागे पडली. 'बायकांची' म्हणून हिणवलेली तीच गाडी २०२१ साली वाळवंट तुडवीत होती!

आता पिंपरीकडे येऊ. १९७४ साल. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, हिने तरुण इंजिनिअरांसाठी जाहिरात दिली. शेवटी एक ओळ होती : स्त्रियांनी अर्ज करू नयेत. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीने, ज्या पुढे सुधा मूर्ती म्हणून ख्यातनाम झाल्या, ती वाचली आणि जे. आर. डी. टाटा यांना साधे पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. उत्तरादाखल पिंपरीला मुलाखतीचे बोलावणे आले, जाण्यायेण्याच्या खर्चासह. त्या निवडल्या गेल्या आणि टेल्कोच्या कारखान्यात काम करणाऱ्या पहिल्या स्त्री इंजिनिअर ठरल्या.

अर्थात एका मुलीने दार उघडले म्हणून साऱ्या आत आल्या, असे झाले नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीची मनाई होती. महाराष्ट्राने ती अटींसह शिथिल केली २०१५ साली. पुढे २०२२ मध्ये टाटा मोटर्सने पुण्याच्या कारखान्यात स्त्रियांनीच चालविलेला जोडणी विभाग दाखविला. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तेथे सुमारे १,५०० स्त्रिया मोटारी जोडतात. १९७४ ते २०२२, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे. चाकणच्या महिंद्र कारखान्यातून तर आता विजेच्या मोठ्या गाड्याही बाहेर पडतात.

तेव्हा पाहा, १९७४ साली एका ओळीने फाटक बंद केले होते, २०२१ साली एका ओळीने ते उघडले. दोन्ही वेळी गाडी गाडीच होती. तिला हात हवा होता. कोणाचा, हे माणसांनी ठरविले.

एक्स्ट्रीम ई ही शर्यत आज राहिलेली नाही. २०२४ चा हंगाम अर्ध्यावरच थांबला आणि तिच्या जागी हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत आली, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सौदी अरेबियात. इंधन बदलले, नाव बदलले. एक पुरुष व एक स्त्री हा नियम मात्र तसाच ठेवला.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेतून दहावी झालेली मुले आयटीआयला जातात. मोटार मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, फिटर या शाखांचे अर्ज वाटताना आपला हात मुलींच्या बाकाशी थांबतो का, हे एकदा पाहावे. तेथे कोणती जाहिरात नसते, कोणता कायदाही आड येत नाही. पण न लिहिलेली ओळ पुसायला अधिक कठीण असते. आणि घरी, शेतावर, मुलाला ट्रॅक्टर शिकवाल तेव्हा मुलीलाही एक फेरी द्या. पहिल्या दिवशी तास वाकडे पडेल. मुलाचेही पडले होतेच की!