स्टिअरिंगजवळचा गिअर

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पुढे बसलेल्यांना स्टिअरिंगशेजारचा गिअरचा दांडा आठवत असेल. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनवली. 1974 मध्ये तिची पद्मिनी झाली.

या दांड्याची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोचते ती सळ्या आणि सांध्यांमधून. सांध्यातले बुश झिजले की दांडा सैल होतो, कधी दोन गिअरांच्या मध्येच अडकतो. मग चालक बॉनेट उघडून, हातानेच सळ्या हलवून गाडी न्यूट्रलमध्ये आणत असे. जाणता मिस्त्री गिअरबॉक्सला हात लावण्याआधी बुश बदले, मग सळीची लांबी जुळवून घेई. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागे आणि गिऱ्हाइकाचा मोठा खर्च वाचे.

इथे इब्र्यात मी जुन्या लँडरोव्हरवर हौसेने काम करतो. ओमानमध्ये 1970 साली डांबरी रस्ता जेमतेम 10 किलोमीटर होता. बाकी वाळू आणि वाद्या. या गाडीचा दांडा थेट गिअरबॉक्सवर बसतो, मध्ये लांब सळ्या नाहीत. तरी सवय मुंबईचीच : आधी दांड्याचा सैलपणा पाहायचा, पेटी नंतर उघडायची.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. एखादी गाडी संग्रहालयात राहील. पण सळी किती फेरे फिरवायची हे मिस्त्रीच्या हातालाच ठाऊक. मंडळी, सुट्टीत मुंबईला गेलात आणि असा कोणी भेटला, तर त्याच्याजवळ बसून तेवढे लिहून आणा.