रंगाची मालकी

बाजारांतला एखादा रंग कुणा एका व्यापाऱ्याच्या मालकीचा होऊं शकतो काय? निसर्गानें सर्वांना सारखी वाटलेली ही संपत्ति एकानें अडवून धरावी, ही कल्पनाच प्रथमदर्शनीं अन्यायाची वाटते. उलटपक्षीं, ज्यानें वर्षानुवर्षें एकाच रंगानें आपला माल ओळखीचा केला, त्याची ती कमाई प्रतिस्पर्ध्यानें एका दिवसांत उचलून न्यावी, हेंहि न्याय्य म्हणतां येत नाहीं. अमेरिकेंत एका अगदीं साध्या वस्तूवरून हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

ती वस्तु म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या धंद्यांतील इस्त्रीयंत्रावर घालावयाची गादी. क्वालिटेक्स कंपनी अशा गाद्या तयार करी व १९५० नंतरच्या दशकापासून त्यांना सोनेरी झांक असलेला एक विशिष्ट हिरवा रंग देई. १९८९ सालीं जेकबसन प्रॉडक्ट्स या प्रतिस्पर्धी कंपनीनें तशाच रंगाच्या गाद्या विकावयास काढल्या. क्वालिटेक्सनें फिर्याद केली, व १९९१ मध्यें तो रंग आपलें व्यापारचिन्ह म्हणून नोंदविला. पहिल्या न्यायालयांत तिचा जय झाला. अपिलांत व्यापारचिन्हाचा मुद्दा तिच्याविरुद्ध गेला. आणि २८ मार्च १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तिच्या बाजूचा निकाल दिला. तो न्यायमूर्ति स्टीफन ब्रायर यांनीं लिहिला.

रंग मोजकेच, आधीं आलेल्यांनीं ते वांटून घेतले, तर मागाहून येणाऱ्यांनीं काय करावें? शिवाय, छटाछटांमधील भेद ठरवावा कुणी? या आक्षेपांस न्यायालयाचें उत्तर असें कीं, सारख्या नांवांचा भेद न्यायाधीश ठरवितात, तसाच छटांचाहि ठरवितील. आणि जो रंग वस्तूच्या उपयोगासच आवश्यक असेल, तो कुणा एकाला मिळणार नाहीं. गादीवरचे डाग डोळ्यांत भरूं नयेत म्हणून तिला कोणता तरी रंग लागतो खरा. परंतु तो सोनेरी-हिरवाच असला पाहिजे असें नाहीं.

ही मर्यादा पोकळ नव्हती. १९८२ सालीं डीअर कंपनीला ट्रॅक्टरच्या हिरव्या रंगावर एकाधिकार मिळाला नाहीं. कारण ट्रॅक्टरला जोडावयाचीं अवजारें त्याच रंगाचीं असावींत, अशी शेतकऱ्यांची आवड. १९९४ मध्यें नावेच्या इंजिनाचा काळा रंगहि नाकारला गेला. काळा कोणत्याहि रंगाच्या नावेस शोभतो, आणि इंजिन आहे त्याहून लहान भासवितो.

भारतांतहि १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानें रंगांच्या मेळास चिन्हाच्या व्याख्येंत स्थान दिलें; तो २००३ सालीं अंमलांत आला.

लहान व्यापाऱ्यानें यांतून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. त्या धंद्यांत सर्वांनाच जो लागतो, तो रंग निवडूं नये. आणि एकदां निवडलेला रंग दर दिवाळीस बदलूं नये. क्वालिटेक्सच्या पदरीं तीस वर्षांहून अधिक काळाचें सातत्य होतें, म्हणूनच गिऱ्हाइकांस त्या रंगांत तिचें नांव दिसूं लागलें होतें.