ब्रासेरो ते ‘एच-टू ए’ : अमेरिकेच्या शेतांत राबणारे हात

अमेरिकेच्या व्हिसांपैकी ‘एच-वन बी’ हा प्रकार पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गाला तोंडपाठ आहे. त्याच कुळातील ‘एच-टू ए’ मात्र आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. तो हंगामी शेतमजुरांचा व्हिसा होय. ‘एच-वन बी’वर सर्वसाधारणपणे वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आहे, ‘एच-टू ए’वर कोणतीच संख्यामर्यादा नाही. २००५ साली या व्हिसाखाली मंजूर झालेल्या जागा पन्नास हजारांच्या आत होत्या. २०२३ मध्ये त्या पावणेचार लाखांच्या पुढे गेल्या. त्यावर येणाऱ्यांत बहुसंख्य मेक्सिकन असतात. याखेरीज पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्के मजूर कागदपत्रांविना आहेत, असे तेथील श्रम खात्याच्याच अलीकडच्या पाहण्या सांगतात.

याची दोन स्पष्टीकरणे तेथे हमखास ऐकू येतात. ‘आमची मुले हे काम करायला तयार नाहीत, म्हणून परदेशी मजूर लागतात,’ असे बागायतदार म्हणतात. ‘परदेशी मजूर स्वस्तात मिळतात, म्हणून मजुरी वाढत नाही आणि मजुरी वाढत नाही म्हणून आमची मुले जात नाहीत,’ असे स्थलांतराचे विरोधक म्हणतात. दोन्ही युक्तिवाद ऐकताना पटतात. गंमत अशी, की त्यांची प्रत्यक्ष परीक्षा साठ वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. त्या परीक्षेचे नाव ब्रासेरो योजना.

कॅलिफोर्नियातील शेतीला बाहेरच्या मजुरांची सवय त्याच्याही आधीची. चिनी मजूर आले, १८८२ च्या कायद्याने त्यांना दार बंद झाले. मग जपानी आले. १९०७ नंतर त्यांना आवरण्यात आले. पाठोपाठ पंजाबी आले, १९१७ च्या कायद्याने तेही थांबले. (इम्पीरियल खोऱ्यात शेती करणारे दलीपसिंग सौंद पुढे १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, तो या पंजाबी वस्तीचाच वारसा.) त्यानंतर फिलिपिनो आले आणि १९३४ मध्ये त्यांच्यावर वर्षाला ५० जणांची मर्यादा आली. प्रत्येक वेळी दार बंद करणारे कायदे झाले. प्रत्येक वेळी शेतांना दुसरा कोणी तरी सापडला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी तरुण सैन्यात आणि कारखान्यांत गेले, तेव्हा ४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका व मेक्सिको या दोन सरकारांत करार झाला. ‘ब्रासो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये बाहू. त्यावरून अंगमेहनत करणारा तो ‘ब्रासेरो’. अमेरिकेला हवे होते तेही तेवढेच : हात. करार कागदावर मोठा चांगला होता. ताशी किमान ३० सेंट मजुरी, मोफत निवास, जाण्यायेण्याचा खर्च आणि कराराच्या मुदतीपैकी तीन-चतुर्थांश दिवस कामाची हमी. यांतील एकही हमी त्या वेळी अमेरिकी शेतमजुराला नव्हती. संघटनेचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या कायद्यातून आणि किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्यातून शेतमजुरांना मुद्दाम वगळण्यात आले होते. शेतातील काम स्वस्त असते ते काही निसर्गनियमाने नव्हे. तसे कायदे आधी करून ठेवावे लागतात. जादा कामाच्या वाढीव मजुरीचा संघराज्याचा कायदा तर आजही शेतमजुरांना लागू नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी आपापले नियम केले आहेत, एवढेच.

कागदावरचा करार आणि शेतातला करार यांत अर्थातच अंतर पडले. भरतीच्या केंद्रांवर माणसांना रांगेत उघडे उभे करून त्यांच्यावर डीडीटी फवारली जाई. करार एका मालकाशी बांधलेला. तक्रार करणाऱ्याला परत पाठवले जाई आणि पुढच्या हंगामात त्याचे नाव यादीत नसे. युद्ध संपले तरी योजना संपली नाही. १९५१ मध्ये तिला स्वतंत्र कायद्याचे बळ मिळाले. ‘बेकायदा’ आलेल्या मजुरांना सरहद्दीपर्यंत न्यायचे, हाती कागद द्यायचे आणि त्याच शेतावर परत आणायचे, असेही प्रकार झाले. १९५६ या एका वर्षात सुमारे साडेचार लाख ब्रासेरो आले. बावीस वर्षांत एकूण ४६ लाखांच्या आसपास करार झाले. अर्थात, त्यांत तीच माणसे पुनःपुन्हा येत.

या मजुरांच्या हातातील एका अवजाराची हकिगत येथे सांगितली पाहिजे. लेट्यूस किंवा साखरबीटच्या विरळणीसाठी त्यांना जेमतेम हातभर दांड्याची कुदळी देत. स्पॅनिशमध्ये तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘बुटकी’, म्हणत. ती वापरायची तर दिवसभर कमरेत वाकूनच राहावे लागे. लांब दांडा दिला तर कोवळी रोपे दुखावतील, असे बागायतदार सांगत. मजुरांचे म्हणणे वेगळे होते : बुटक्या कुदळीमुळे कोण उभा राहून पाठ सरळ करतो आहे, हे मुकादमाला लांबून दिसते. पाठीचे कायमचे दुखणे घेऊन गावी परतलेल्यांची गणतीच नव्हती. कॅलिफोर्नियाने ही कुदळी १९७५ मध्ये बंद केली. लांब दांड्याने विरळणी होऊ लागली आणि लेट्यूसची शेती काही बुडाली नाही.

योजनेविरुद्धचा आवाज १९६० नंतर वाढत गेला. सप्टेंबर १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील चुआलार गावाजवळ मजुरांना नेणारी गाडी रेल्वेखाली सापडून ३२ जण ठार झाले. ती धड बसही नव्हती. मालमोटारीवर बाके बसवून ती तयार केलेली होती. ३१ डिसेंबर १९६४ रोजी ब्रासेरो योजना बंद झाली.

आता खरी परीक्षा होती. श्रममंत्री विलर्ड विर्ट्झ यांनी १९६५ च्या उन्हाळ्यात शाळकरी खेळाडूंना शेतावर पाठवण्याची मोहीम काढली. वीस हजार मुलांचे लक्ष्य होते. प्रत्यक्ष शेतापर्यंत पोचली ती ३,३०० च्या आसपास. त्यांतीलही अनेकांनी ऊन, राहण्याची व्यवस्था आणि मजुरी पाहून काम सोडले. काही ठिकाणी मुलांनी चक्क संप केला. मोहीम त्याच वर्षी गुंडाळली गेली. बागायतदारांना यातून ‘पाहा, आमची मुले टिकत नाहीत’ असा पुरावा मिळाला. परंतु ज्या खोल्यांत आणि ज्या मजुरीवर ती मुले टिकली नाहीत, त्याच खोल्या आणि तीच मजुरी बावीस वर्षे दुसऱ्यांना पुरेशी मानली गेली होती, हेही त्याच पुराव्यात होते.

दुसऱ्या युक्तिवादाचेही भाकीत खरे ठरले नाही. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस आणि हॅना पोस्टेल या अर्थशास्त्रज्ञांनी जुनी आकडेवारी तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष काढला, की ब्रासेरो मजूर जेथे पुष्कळ होते आणि जेथे नव्हतेच, अशा राज्यांतील मजुरीच्या वाढीत योजना बंद झाल्याने लक्षणीय फरक पडला नाही. बागायतदारांनी मजुरी वाढवून स्थानिक माणसे आणण्याऐवजी यंत्रे आणली. जेथे यंत्र नव्हते तेथे पीक कमी केले. डेव्हिस येथील विद्यापीठात जॅक हॅना यांनी यंत्राचा मार सोसेल असा टोमॅटो आणि कोबी लॉरेन्झन यांनी तो तोडणारे यंत्र आधीच तयार ठेवले होते. दशक संपता संपता कॅलिफोर्नियातील प्रक्रियेचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. स्ट्रॉबेरीला मात्र अजूनही बोटेच लागतात.

मजुरी हलली ती वेगळ्या मार्गाने. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानो येथे लॅरी इट्लिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो द्राक्षमजुरांनी ताशी १.४० डॉलरसाठी संप पुकारला. आठवड्याभरात सीझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात उतरली. ग्राहकांनी द्राक्षांवर घातलेला बहिष्कार देशभर पसरला आणि १९७० मध्ये बागायतदारांनी करारांवर सह्या केल्या. हाताशी दुसरा पर्याय म्हणून ब्रासेरो असते, तर हा संप इतका काळ टिकला असता का, याची शंकाच आहे. म्हणजे योजना बंद झाल्याचा लाभ झाला, पण तो आपोआप नव्हे. पाच वर्षे झगडून.

तथापि मेक्सिकोतून येणारी वाट थांबली नव्हती. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर प्रथमच एकूण मर्यादा घातली. काल कागद घेऊन येणारा माणूस तेच शेत, तेच काम करण्यासाठी आता कागदाविना येऊ लागला. त्याला आणणारा मुकादम आला, आणि मुकादम आल्यावर मालकाची जबाबदारी गेली. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्यांना ही व्यवस्था फार समजावून सांगावी लागणार नाही. १९८६ च्या कायद्याने दहा लाखांहून अधिक शेतमजुरांना रहिवासाचा हक्क दिला. त्याच कायद्याने ‘एच-टू ए’लाही आजचे रूप दिले, आणि त्यातही ब्रासेरोची जुनी गाठ कायम राहिली : व्हिसा मालकाच्या नावावर. काम सुटले की देश सुटला.

जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हेन्चुरा परगण्यातील शेतांवर छापे पडले, तेव्हा अनेक मजूर भीतीने कामावर आले नाहीत. याच महिन्यात ट्रम्प प्रशासनाने शेतांवरील छापे थांबवण्याची सूचना काढली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली.

ब्रासेरोंचा एक हिशेब तर फार उशिरापर्यंत लोंबकळत राहिला. योजनेच्या पहिल्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून १० टक्के रक्कम कापून ती बचत म्हणून मेक्सिकोच्या बँकांकडे पाठवली जात असे. गावी परतल्यावर ती मिळायची होती. असंख्य मजुरांना ती मिळालीच नाही. अमेरिकी न्यायालयात चाललेल्या दाव्यात २००८ मध्ये तडजोड झाली आणि अमेरिकेत राहणाऱ्या पात्र ब्रासेरोंना किंवा त्यांच्या वारसांना प्रत्येकी ३,५०० डॉलर देण्याचे मेक्सिको सरकारने मान्य केले. अट एवढीच, की त्या काळातील मूळ करारपत्र किंवा मजुरीची पावती दाखवली पाहिजे.