मित्रांच्या संगतीचा परिणाम व्हीआर हेडसेट लावून कसा मोजतात?

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं घरचे म्हणतात. संशोधक मात्र विचारतात: पोरगं मित्रांमुळे बिघडलं, की मुळात तसंच होतं म्हणून त्याने तसे मित्र निवडले? नुसती प्रश्नावली भरून घेतली तर हे सुटं करता येत नाही. आणि प्रयोगासाठी कुणाला खरी मारामारी करायला तर लावता येत नाही!

२००५ साली अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना कॉम्प्युटरवर गाडीचा गेम खेळायला दिला. सिग्नल पिवळा झाला, आता थांबायचं की दामटायचं? काहींना एकटं बसवलं, काहींसोबत त्यांच्याच वयाचे दोघं. कोण कुठे बसणार हे लॉटरीसारखं ठरलं. सोबत असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी खूपच जास्त धोका पत्करला. २४च्या पुढच्यांना फरक पडला नाही.

पण गेममधली गाडी ठोकणं वेगळं आणि समोर कुणी अंगावर येणं वेगळं. इथे व्हीआर कामाला येतं. यां-लुई व्हान गेल्डर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारमधल्या भांडणाचा प्रसंग काहींनी कागदावर वाचला, काहींनी हेडसेटमध्ये ३६० अंशांत पाहिला. हेडसेटवाल्यांना तो जास्त खरा वाटला, आपण तिथेच आहोत असं वाटलं.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही: अशा प्रसंगात मित्रही 'सेट' करता येतो. एका गटाला शेजारचा मित्र म्हणतो, "दे ना एक ठेवून!" दुसऱ्या गटात तोच मित्र गप्प. बाकी सगळं सेम. मग वागण्यात फरक दिसला, तर तो त्या एका वाक्याचा.

खोट्या माणसांचा एवढा परिणाम होतो? होतो. मेल स्लेटर यांच्या २०१३च्या प्रयोगात आर्सेनल क्लबचे ४० चाहते व्हर्च्युअल पबमध्ये होते. मार खाणाऱ्याच्या अंगात आर्सेनलचा शर्ट असला, की ते जास्त मध्ये पडत.

एक अडचण राहतेच. व्हर्च्युअल मित्र उद्या कॉलेजच्या ग्रुपवर तुम्हाला 'फट्टू' म्हणणार नाही, खरा म्हणेल. शिवाय हेडसेट तुमची मान कुठे वळली हेही टिपतो, काही मॉडेल्स तर नजरसुद्धा. अशा प्रयोगात भाग घ्यायचा असेल, तर हा डेटा कोण आणि किती दिवस ठेवणार, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा.